फुईचं पूजेचं लुगडं

आमच्या घरात महेशच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, जन्माची गोष्ट निघाली की मी उठून स्वयंपाकघरात जाते. पाणी प्यायला, गॅस बघायला, जे निमित्त सुचेल ते करून. बसून राहिले तर तोंडून काहीतरी निघेल आणि चांगल्या कार्याचा विचका होईल, हे मला माझ्या स्वभावावरून ठाऊक आहे. गोष्ट सांगणारी असते माझी थोरली बहीण, अक्का. "इतलासा व्हता," असं म्हणत ती आपला पंजा पुढे धरते, "डाक्टरसनी हात टेकेल व्हतात. मीच छातीले बांधीसन जगाडा त्याले." ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावतात. शेजारी बसलेले दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, गंभीरपणे मान डोलावतात, जणू तेही त्या कामाला लागले होते. तिकडे आत मी ओट्यावरचं एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत असते. आता पन्नाशी उलटली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, राग आवरा असं डॉक्टरांनी बजावलं आहे. राग आवरण्याचा मला एकच मार्ग दिसतो. जे झालं ते जसं झालं तसं लिहून काढावं.

तेव्हा आम्ही सुरतेत, उधन्याला राहत होतो. नाना, म्हणजे माझे वडील, ज्या कारखान्यात माग चालवत त्याच्या मागच्या बाजूला कामगारांच्या खोल्या होत्या. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, आणि आमची मागची भिंत म्हणजेच कारखान्याची भिंत. भिंतीपलीकडे रात्रंदिवस सांचे चालत. मागाला सुरतेत सांचाच म्हणतात. त्या खडखडाटात आमचं सगळं जगणं होतं. फळीवरची भांडी सतत थरथरायची, म्हणून माय दोन ताटांमध्ये कागद घालून ठेवायची. आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो आणि निम्मं बोलणं हातांनी करायचो. गावाहून पाहुणे आले की त्यांना वाटायचं, या घरात भांडणं चालली आहेत. आठवड्यात एक दिवस वीज जायची, सांचे थांबायचे, आणि मग आम्हाला एकमेकांचे आवाज परके वाटायचे. नाना त्या दिवशी दचकून उठत. मी अभ्यास करायचे त्या आवाजात, झोपायचे त्या आवाजात. दहावीनंतर शाळा सुटली, तेव्हा दिवसभर त्याच आवाजात मायच्या हाताखाली राबायचे. पोरगी सतरा वर्षांची झाली म्हणून माझ्यासाठी स्थळ बघणं सुरू झालं होतं. ते स्थळ फुईने आणलं होतं.

फुई म्हणजे नानांची थोरली बहीण. खानदेशात आत्याला फुई म्हणतात. नानांची आई लवकर गेली, त्यांना फुईनेच वाढवलं. त्यामुळे आमच्या घरात फुईचा शब्द खाली पडत नसे. अक्काचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं तशी फुई गावाहून आली, ती डबे-गाठोडी घेऊनच. सुंठ, डिंक, हळीव, बाळंतशेपा, बाजरीचं पीठ, लसणाची चटणी, आणि गोवऱ्यासुद्धा. सुरतेच्या गोवऱ्यांना आच नसते म्हणाली. आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही, पण वास मात्र असा सुटला की शेजारच्या काठियावाडी बायका डोकावून जाऊ लागल्या. डिंक तुपात फुलताना माय मला हाक मारून दाखवायची. लाडू वळताना फुई आणि माय दोघी जुन्या बाळंतपणांच्या गोष्टी काढत. कोण अडलं, कोण सुटलं, कुणाचं काय झालं. अक्का पोटावर हात ठेवून ऐकत बसायची आणि घाबरायची. तिला कुणी घाबरू नको म्हणत नव्हतं.

फुईकडे आणखी एक गोष्ट होती, जी आमच्या घरात कुणाकडेच नव्हती. तिचं सुती लुगडं. धुऊन धुऊन मलमलीसारखं मऊ झालेलं, विटकरी रंगाचं, नऊवारी. ते ती फक्त पूजेला नेसायची आणि इतर वेळी त्याला कुणाचा हात लागू द्यायची नाही. सुरत हे कापडाचं गाव, आमच्या भिंतीपलीकडे मैलोगणती कापड निघत होतं, आणि आमच्या घरात सुताचा धागा नव्हता. कारखान्यातला डागी माल स्वस्तात मिळायचा. त्याच्याच मायच्या साड्या, त्याचेच पडदे, त्याच्याच उशांच्या खोळी, त्याचाच माझा ड्रेस. सगळं सळसळीत, सगळं नायलॉन-पॉलिस्टर. पाणी पुसायला घेतलं तर ते कापड पाणी शोषायचं नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलायचं. सुती म्हणून जे काय होतं ते नानांची बनियनं आणि एक जुना टॉवेल. लेकरू जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, आणायचं नाही, असा आमच्यात नेम. त्यामुळे कुणी विचारच केला नव्हता.

अक्काचे दिवस भरले नव्हते, महिन्याहून जास्त बाकी होता, आणि एका सकाळी पाणी भरता भरता तिच्या कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात नेलं. दुपारी मुलगा झाला. इतकं लहान माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याची कातडी पातळ, आतल्या शिरा दिसत, आणि पायाचे तळवे माझ्या अंगठ्याएवढे. दवाखान्यात अशा लेकरांसाठी काचेची पेटी होती, पण ती एकच, आणि तिच्यात आधीच दुसरं लेकरू होतं. एका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी झोपलेल्या. तिथे हंसाबेन नावाच्या नर्स होत्या. उंच, कडक, हातात काचेच्या बांगड्या नाहीत, बोलणं असं की वॉर्डातल्या सासवा त्यांना बघून गप्प व्हायच्या. माय त्यांच्या पाया पडायला गेली की काहीतरी करा, पेटीत ठेवा. त्या म्हणाल्या, "पेटी नथी, बेन. पण छाती तो छे ने?"

मग त्यांनी करून दाखवलं. बाळाच्या अंगावरचं सगळं काढलं, फक्त टोपी आणि लंगोट ठेवला, आणि त्याला अक्काच्या दोन स्तनांच्या मध्ये उभं धरून कापडाने तिच्या अंगाशी बांधून टाकलं. बेडकासारखे पाय दुमडलेले, तोंड एका बाजूला, हनुवटी जरा वर. आईच्या अंगाची ऊब हीच त्याची पेटी. दिवसा, झोपताना, बसताना, असंच ठेवायचं. दूध पिळून वाटी-चमच्याने पाजायचं. वजन वाढेपर्यंत आंघोळ अजिबात नाही, तेल नाही, धुरी नाही, मधाचं बोट नाही. हे सगळं त्यांनी गुजरातीत आणि मोडक्या हिंदीत, एकेक गोष्ट माझ्याकडून परत वदवून घेत सांगितलं, कारण आमच्यात गुजराती नीट येणारी मीच होते. पण दोन दिवसांत अक्काला ताप भरला. अंग फणफणलं, दात वाजायला लागले, तिला स्वतःचं भान राहिना. तिला इंजेक्शनं सुरू केली. मायला कायमचा खोकला, लेकराच्या तोंडावर खोकणारं माणूस नको, असं हंसाबेननी स्पष्ट सांगितलं. फुई तर ऐकूनच हसली, म्हणाली, "या वयमा मी काय चोळी सोडीसन बसू?" वॉर्डाच्या दारात दाजी उभे होते. हंसाबेननी त्यांच्याकडे बोट केलं. "बाप छे ने? बापनी छाती पण चाले. छाती एटले छाती."

वॉर्डातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. फुई हसली, माय हसली. दाजी लाजत हसले आणि बाहेर विडी प्यायला गेले. हा प्रसंग मी पुढे माझ्या नोकरीत शेकडो वेळा पाहिला. शब्द वेगळे असतील, दवाखाना वेगळा असेल. बापाचं नाव काढलं की सगळ्यांना हसू येतं, आणि त्या हसण्याआडून तो सुटतो. तेव्हा मला एवढं कळत नव्हतं. मला फक्त त्या लेकराचे निळसर पडत चाललेले पाय दिसत होते. मी म्हटलं, मी धरते. हंसाबेननी माझ्याकडे नीट पाहिलं, लग्न झालंय का वगैरे काही विचारलं नाही, हात धुऊन ये म्हणाल्या.

तो पहिल्यांदा माझ्या अंगाला लागला तेव्हाची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. इतकं गार आणि इतकं हलकं काहीतरी, ओल्या पानासारखं. मला शिसारीच आली आधी, खरं सांगते. मग थोड्या वेळाने ते पान गरम झालं आणि त्याचा श्वास लागायला लागला. खाटा कमी पडत होत्या म्हणून ताप असतानाच अक्काला आणि त्याला दवाखान्यातून घरी सोडलं, तेव्हा मी त्याला तसंच बांधून आणलं, अंगात मायची चोळी, वरून तिची शाल. घरी आल्यावर मला समजलं की हे करणं किती गरजेचं आहे. आमच्या खोलीत सांच्यांच्या आवाजात लेकराचा श्वास ऐकूच येणं शक्य नव्हतं. त्याचं रडणंसुद्धा मांजराच्या पिल्लासारखं, ते भिंतीपलीकडचा एक माग गिळून टाकायचा. तो खाटेवर असता आणि त्याचा श्वास थांबला असता तर कुणाला कळलं नसतं. तिथे कान कामाचे नव्हते. कातडीलाच कळायचं, आहे का नाही ते. मध्येच तो श्वास घ्यायला विसरायचा, मग मी त्याच्या पाठीवर बोट घासायचे आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. अक्का पलीकडे तापात पडलेली. मी वाटी पुढे केली की ती तशाही अवस्थेत उठून दूध पिळून द्यायची आणि विचारायची, "शे ना?" आहे ना, एवढंच. मी मान हलवायचे.

फुईला हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. लग्नाची पोर, चोळी सोडून दिवसभर लेकरू छातीशी घेऊन बसते, लोक काय म्हणतील. ती दारावरचा पडदा सतत ओढून घ्यायची. "तुन्हं लगीन व्हवानं शे अजून, नंदे," हे ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची की मला ते सांच्यांच्या आवाजासारखंच झालं, ऐकू येईना. दाजी डिंडोलीहून, अक्काच्या सासरहून, रोज यायचे. पाचवी झाल्याशिवाय पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत यायचं नाही असा नेम, म्हणून उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. नानाही त्या दिवसांत कारखान्यातच झोपत. कसा आहे विचारायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. आणि पाचवी कधी? दवाखान्यातच पाच दिवस उलटून गेले होते. पण फुईने ठामपणे सांगितलं, "दवाखानामा सटवाई येत नही." तिथे फिनेलचा वास, देवी येईल कशी आणि लेकराच्या कपाळी लिहील कशी? म्हणून घरी आल्या दिवसापासून मोजायचं ठरलं. त्या दिवशी माझ्या स्थळाची बाई, फुईची जाऊ, पूजेला येणार होती. कार्य ते कार्य, आणि पोरगीही सहज बघून होईल. तिचा मुलगा डाइंगच्या मिलमध्ये होता. फुईच्या दृष्टीने दोन्ही कामं एका दिवसात उरकत होती.

पाचवीच्या दिवशी हवा गार होती. सुरतेला थंडी अशी नसतेच, पण पौषात सकाळी-संध्याकाळी खाडीकडून वारा येतो, आणि पत्र्याची खोली उन्हाळ्यात जशी भट्टी तशी तेव्हा गारढोण. फुईने सकाळपासून पाटा धुऊन ठेवला, लेकराला ठेवायला सूप पुसलं, कणकेचे दिवे केले, सटवाईला लिहायला कोरा कागद आणि नानांचा पेन मांडला. तिचं विटकरी लुगडं धुऊन, वाळून, घडी घालून दोरीवर ठेवलेलं होतं. दुपार कलल्यावर मला बाहेर जावं लागलं. संडास चाळीच्या टोकाला, सगळ्या खोल्यांना मिळून, आणि तिथे नेहमी रांग. मी महेशला नानांच्या बनियनमध्ये आणि शालीत गुंडाळून मायच्या मांडीवर दिलं आणि बजावलं, तोंड तिकडे करून खोक, कुणाला देऊ नको. माय हो म्हणाली.

परत आले तर फुई मोरीत पाय पसरून बसलेली आणि तिच्या पायांवर महेश, उघडा, पालथा, अंगाला तेल आणि हळद, आणि ती वरून तांब्याने पाणी ओतते आहे. दार उघडं, वारा सरळ मोरीत. माय बाजूला टॉवेल घेऊन उभी. मला बघून फुई कौतुकाने म्हणाली, "देख व, रडस बी नही!"

रडत नव्हता, कारण रडायची ताकदच राहिली नव्हती. मी त्याला उचललं. ओठ जांभळे, नखं जांभळी, अंग एखाद्या भांड्यासारखं गार. मी ओरडले ते काय ओरडले मला आठवत नाही, फक्त सांच्यांच्या आवाजातही शेजारच्या बायका दाराशी जमल्या एवढं आठवतं. टॉवेलने त्याला पुसलं, मागच्या भिंतीला टेकून बसले, चोळी सोडली, त्याला आत घेतलं. पण मी त्याला मोरीतून उचलताना माझीच चोळी, माझंच अंग भिजलं होतं. मायने तिची साडी पुढे केली, ती नेहमीची नायलॉनची. ती ओल्या अंगावर धरेना, घसरून खाली यायला लागली, आणि तो माझ्या पोटाकडे सरकायला लागला. तेव्हा मला दोरीवरचं लुगडं दिसलं.

"त्याले हात नको लावू! पूजानं शे!" फुई किंचाळली. मी उभी राहिले, एका हाताने त्याला दाबून धरलं, दुसऱ्या हाताने लुगडं ओढलं, काठ दातात धरला आणि फाडलं. जुनं सूत, एका दमात उभं फाटत गेलं. तो आवाज मला आजही हवाहवासा वाटतो. मी कोरडं कापड आमच्या दोघांच्या अंगाभोवती गुंडाळत गेले, फुई माझ्या पाठीवर बुक्के मारत राहिली, आणि मी पाठ वाकवून तिला ती देऊन टाकली. मारू दे म्हटलं, पुढे तर येत नाही. गाठ मारून मी पुन्हा भिंतीशी बसले. तेवढ्यात दारात दाजी दिसले, हातात पेढ्यांचा पुडा.

"दाजी, रिक्षा आणा," मी म्हटलं. "दवाखान्यात न्यायचंय. पोरगा गार पडलाय."

त्यांनी फुईकडे पाहिलं. फुई म्हणाली, पाचवी टाकून लेकरू उंबऱ्याबाहेर काढाल तर मला मेलेलं बघाल. दाजी म्हणाले, "पूजा होई जाऊ दे ना, नंदा. मंग लई जाऊत."

"मग आत या. शर्ट काढा. माझं अंग ओलं झालंय, तुमचं कोरडं आहे. हंसाबेन म्हणाल्यात ना, बापाची छाती चालते."

आणि दाजी हसले. दवाखान्यात हसले होते तसेच, अर्धवट लाजत. इकडे तिकडे पाहिलं, शेजारणी बघताहेत हे त्यांना दिसलं, आणि ते एक पाऊल मागे सरकले. पेढ्यांचा पुडा उंबऱ्यावर ठेवला. मी हे पस्तीस वर्षं मनात घोळवते आहे आणि मला अजूनही त्यात त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं काही सापडलेलं नाही. फुई अडाणी होती. तिने आयुष्यभर लेकरांना न्हाऊ घातलं होतं, ती लेकरं वाचली होती, तिला वाटलं हेही वाचेल. तिने जे केलं ते लाडाने केलं. ती वारली तेव्हा तिच्यावरचा माझा राग तिच्याबरोबर गावच्या नदीवर गेला. पण दाजींना सांगितलं होतं. त्यांच्या तोंडावर, दोनदा, समजेल अशा भाषेत. त्यांना माहीत होतं आणि ते उभे राहिले.

फुईची जाऊ आली ती याच वेळी. हिरवी साडी, हातात ओटीचं सामान. माय धावत माझ्याकडे आली आणि हात जोडून म्हणाली, "पडदामांगे जाय व माय. नही ते अक्काजोडे दे त्याले, घडीभर." अक्का तापातून डोळे उघडून हात पुढे करत होती, तेही मला दिसलं. पण तिचे हात लटलटत होते, तिची चादर घामाने भिजलेली, आणि मला माहीत होतं की आता गाठ सोडली तर पुन्हा गरम करायला हा उरणार नाही. मी जागची हलले नाही. बाई उंबरा ओलांडून आत आली आणि तिला काय दिसलं? लग्नाची पोरगी, केस सुटलेले, चोळी उघडी, फाटलेल्या लुगड्यात छातीशी लेकरू बांधलेलं. तिने फुईला विचारलं, "कोनाना शे हाऊ?" फुई कणकेचे दिवे सरळ करायला लागली. मीच बोलले, "माझ्या बहिणीचा. तुम्ही जरा गप्प बसा, मला त्याचा श्वास कळू द्या."

तिने हळदीकुंकू घेतलं आणि बसलीही नाही. मग पूजा झाली. फुई मायची गुलाबी नायलॉनची साडी नेसून पाट्यासमोर बसली, सूप रिकामं ठेवून. दिवे लावले, नैवेद्य दाखवला. मी समोर भिंतीशी बसून त्याच्या पाठीवर बोट घासत होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. भिंतीतून सांच्यांची थरथर माझ्या पाठीत येत होती आणि मला भीती वाटत होती की मला जो श्वास वाटतोय तो याचा नाही, भिंतीचा आहे. मग माझ्या पोटावर गरम धार आली. त्याने लघवी केली होती. मी मोठ्याने हसायलाच लागले, आणि सगळ्यांना वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी नाना पाळी चुकवून आम्हाला दवाखान्यात घेऊन गेले. हंसाबेननी त्याला तपासलं, मग नानांना सगळ्या वॉर्डासमोर असं झापलं की नानांनी टोपी काढून हातात घेतली. पुढे अक्काचा ताप उतरला आणि मग तिने त्याला घेतलं, चांगलं महिनाभर बांधून ठेवलं. हे मी लपवत नाही, तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मधल्या काळात स्थळाकडून नकार आला, आणि नकारापाठोपाठ कुजबुज आली. उधन्यात एक, डिंडोलीत दुसरी. पोरगी हाताबाहेरची आहे. मग आणखी पुढची, लेकरू थोरलीचं नसून धाकटीचंच आहे, म्हणूनच तर तिच्या अंगाला चिकटलेलं होतं. नाना ते ऐकून दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, इथून पुढे कुणी विचारलं तर लेकराला त्याच्या आईनेच धरलं, नंदाने नाही. नंदाने तोंड बंद ठेवायचं. माय रडली, दाजी म्हणाले, "हाई बरोबर शे." मला कुणी विचारलं नाही. त्या खोलीत मोठ्याने बोलण्याची सवय असलेल्या पाच माणसांनी ती एक गोष्ट हळू आवाजात ठरवली.

मग मी हंसाबेनकडे गेले. त्यांनीच मला नर्सिंगला घातलं. माझं लग्न उशिरा झालं, चांगलं झालं, ती वेगळी गोष्ट. बाळंतिणींच्या वॉर्डात माझं आयुष्य गेलं. किती बापांच्या अंगातले शर्ट मी काढायला लावले त्याची गणती नाही. हसणाऱ्या सासवांना मी वॉर्डाबाहेर काढते, म्हणून माझ्या विरुद्ध तक्रारीही झाल्या. अक्काने मात्र ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की आता तिला ती तशीच आठवते. मी तिला दोष देत नाही. तापात पडून, हात पुढे करून, आपलं लेकरू दुसरीच्या अंगावर बघणं काय असतं ते मला माहीत नाही. पण दाजींची मान डोलते, ती मला बघवत नाही.

मागच्या महिन्यात महेशला मुलगी झाली. तीही लवकर, तशीच एवढीशी. आता सुरतेत मोठाले दवाखाने झालेत, पेट्या ढिगाने आहेत, तरी डॉक्टरांनी महेशला शर्ट काढून खुर्चीत बसवलं आणि पोरगी त्याच्या छातीवर ठेवली. कुणीतरी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. काय ते कौतुक! असा बाप मिळायला भाग्य लागतं. धन्य तो मुलगा. हात जोडलेले, हृदयं, फुलं, पन्नास माणसांची. आणि सगळ्यांत खाली दाजींनी लिहिलं होतं, 'आमच्या वेळी असं काही नव्हतं.'

मी फोन पालथा टाकला आणि रक्तदाबाची गोळी शोधायला उठले. तेवढ्यात महेशचाच फोन आला. आवाज दबलेला, पोरगी अंगावर होती. "मावशी, तू नर्स आहेस म्हणून विचारतो. ती मध्येच श्वास घ्यायची थांबते. मला भीती वाटते." मी सांगितलं, पाठीवर बोट घास, हळू, खालून वर. हनुवटी जरा वर ठेव. तो म्हणाला, "घेतला, घेतला." मग म्हणाला, "आई म्हणते, मलाही तिने असंच धरलं होतं. एवढ्या तापात तिला कसं जमलं गं?"

पस्तीस वर्षं मी या प्रश्नावर उठून स्वयंपाकघरात गेले होते. या वेळी मी स्वयंपाकघरातच उभी होते, आणखी कुठे जाणार?

"तुझ्या आईला नव्हतं जमलं," मी म्हटलं. "ताप उतरल्यावर तिने धरलं. त्याआधी तुला मी धरलं होतं, फुईचं लुगडं फाडून. तुझ्या बापाला मी आत बोलावलं होतं. शर्ट काढा म्हटलं होतं. तो दारात उभा राहिला आणि हसला."

पलीकडे एसीची घरघर ऐकू येत होती. मग महेशचा हुंदका आला, आणि पाठोपाठ पोरीचं बारीक कण्हणं ऐकू आलं.

"मावशी..."

"आता रडू नकोस," मी म्हटलं. "छाती हलते. ती उठेल."